टर्नटेबल बदलावे का?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी, बिलासपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या फलकावर आजचा विषय लागला आणि दुसऱ्याच दिवशी लोकोतील एका सहकाऱ्याचा फोन आला. "साहेब, टर्नटेबल बदलायचं म्हणजे कुठल्या यार्डातलं?" त्याचे काही चुकले नाही. आपल्या खात्यात टर्नटेबल म्हणजे वाफेचे इंजिन उभे करून त्याचे तोंड फिरवायचा गोल पूल. दोन्ही टोकांना कॅब असलेली इंजिने आली आणि त्या पुलाचे काम संपले. आज मी बोलणार आहे ते घरातल्या टर्नटेबलविषयी, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राविषयी. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या माळ्यावर एखादा एचएमव्ही फिएस्टा अजून झोपलेला असेल. मधे त्याचेही काम संपले असे सगळ्यांना वाटले होते. पण गेल्या काही वर्षांत तबकड्या परत आल्या आणि त्यांच्याबरोबर लाखांच्या किमतीची टर्नटेबलेही आली.

प्रश्न सरळ आहे. माझ्याकडे एक जुने, सेकंडहँड घेतलेले जपानी टर्नटेबल आहे. ते चालते. बाबांच्या साधारण तीनशे तबकड्या घरात आहेत, त्यांत साठ-सत्तर जुन्या ७८ च्या आहेत. अडीच लाखांच्या घरातले एक टर्नटेबल माझ्या मनात बसले आहे. ते घ्यावे की नाही? आपला बोनस गेली कित्येक वर्षे ७८ दिवसांचा मिळतो आणि रेकॉर्डही ७८ फेऱ्यांची, एवढेच काय ते साम्य. ७८ दिवस ऐकायला भरपूर वाटतात, पण हातात पडतात जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. तेव्हा हा हिशेब भावनेने करून भागणार नाही. मी डिप्लोमाचा माणूस, त्यातही कॅरेज अँड वॅगनचा. डबा आजारी असला की आधी दोष कुठे आहे ते शोधायचे आणि मग सामान मागवायचे, ही आमची शिस्त. तीच इथे लावून पाहिली.

तबकडीचे आणि आपल्या या भागाचे एक नाते आधी सांगतो. जुन्या ७८ च्या तबकड्या लाखेच्या असत. लाख हा एका किड्याचा स्राव. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर तो होतो. छत्तीसगड आणि झारखंड हे आजही देशातले लाखेचे प्रमुख प्रदेश आहेत. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण झाले, तेथून भारतीय संगीताच्या तबकड्यांचा मोठा प्रवास सुरू झाला. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, केसरबाई केरकर ही सगळी मंडळी तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या लाखेच्या चकत्यांवर बसून घरोघरी पोचली. १९४८ साली अमेरिकेत एलपी आली. ती व्हिनाइलची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या वर वाजणारी. मग कुठे ख्यालाला हातपाय पसरायला जागा मिळाली.

आता यंत्र. तबकडीवर एकच लांबलचक खोबण असते, बाहेरून आत वळत जाणारी. एलपीची वीस मिनिटांची एक बाजू उलगडली तर ती खोबण चारशे मीटरहून अधिक भरते. म्हणजे आपल्या ५८ वाघिणींच्या मालगाडीपेक्षा कमीच. त्या खोबणीच्या दोन भिंतींवर आवाजाच्या लाटा कोरलेल्या असतात. स्टिरिओ असेल तर उजवा आवाज एका भिंतीवर आणि डावा दुसऱ्या भिंतीवर. हिऱ्याची सुई त्या भिंतींवर घासत जाते, थरथरते, कार्ट्रिज त्या थरथरीची वीज करते आणि ती वाढवून स्पीकरला दिली जाते.

चाक आणि रूळ यांचा संसार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. आपल्या वाघिणीचे एक चाक दहा टनांचा भार रुळावर टेकवते, आणि तो भार पडतो साधारण नखाएवढ्या जागेवर. सुईचा भार दोन ग्रॅमच्या आतबाहेर. पण ती टेकते इतक्या सूक्ष्म जागेवर की दाबाचा हिशेब चौरस सेंटिमीटरला काही टनांवर जातो. म्हणून झिजलेली सुई ही झिजलेल्या चाकासारखी असते. नुकसान चाकाचे होतेच, पण रुळाचेही होते. चाक बदलता येते. बाबांची १९६० च्या आसपासची तबकडी कुठून बदलून आणायची?

महाग टर्नटेबल नेमके काय करते? त्याची कामे तीन. थाळी एकसारख्या वेगाने फिरवणे, मोटरची आणि जमिनीची थरथर सुईपर्यंत न पोचू देणे, आणि सुई धरणारा हात हलका पण अचूक ठेवणे. यासाठी तीन घराणी आहेत.

पहिले घराणे रबरी चाकाचे. मोटरवरून रबरी चाक फिरते आणि ते थाळीला कडेने फिरवते. इंग्लंडमधल्या स्विंडन गावी गॅरार्ड कंपनीने १९५४ मध्ये काढलेले ३०१ हे यातले नावाजलेले यंत्र. स्विंडन हे मुळात ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्याचे गाव, त्यामुळे या यंत्राविषयी मला उगाचच भाऊबंदकी वाटते. दुसरे घराणे पट्ट्याचे. आपल्या डब्याखालचा अल्टरनेटर आसावरून पट्ट्याने फिरतो तसेच हे. रबरी पट्टा मोटरची थरथर स्वतःच्या अंगात जिरवतो. स्कॉटलंडची लिन आणि इंग्लंडची रेगा या कंपन्या १९७० च्या दशकापासून याच वाटेने गेल्या. तिसरे घराणे थेट मोटरचे. मधे पट्टा नाही, थाळी मोटरच्याच आसावर बसते. टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० आणि १९७२ मध्ये एसएल-१२०० काढले. ती १२०० ची मालिका २०१० साली बंद झाली आणि लोकांच्या मागणीमुळे २०१६ मध्ये परत आली. आपल्याकडे एवढ्या दिवसांनी परत सुरू झालेली पॅसेंजर मला तरी आठवत नाही.

वेगाचा प्रश्न आधी घेऊ. १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ चा वेगातला चढउतार कंपनीने ०.०२५ टक्के दिला होता. आता तबकडीकडे पाहा. तिचे मधले भोक छापताना केंद्रापासून नुसते अर्धा मिलिमीटर सरकले, तर मध्यापासून १०० मिलिमीटरवर आवाज प्रत्येक फेऱ्यात अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली जातो. षड्ज २४० हर्ट्झचा असेल तर तो सव्वा हर्ट्झच्या आसपास डोलतो, दर १.८ सेकंदाला एकदा. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी हा दोष यंत्राच्या दोषापेक्षा कितीतरी मोठा आहे. लांब मींड किंवा तानपुऱ्याचा स्थिर सूर ऐकणाऱ्याला तो जाणवतोच. आणि अडीच लाखांचे टर्नटेबलही तो दुरुस्त करत नाही. तबकडी फिरताना हात डावीकडे-उजवीकडे झुलत असेल तर समजा, भोक सरकलेले आहे.

आपला वेग बरोबर आहे का, हे फुकटात पाहता येते. १८० समान रेघांची गोल कागदी चकती थाळीवर ठेवा आणि चोकवाल्या ट्यूबलाइटखाली ३३⅓ वर फिरवा. आपली वीज ५० सायकलची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. हल्लीच्या बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हे दिसत नाही, म्हणून जुनी ट्यूब एक तरी जपून ठेवा. आणखी एक सावधगिरीची गोष्ट. अमेरिकेतल्या मुलाने प्रेमाने जुने टर्नटेबल पाठवले, तर ते ११० व्होल्टचे आणि ६० सायकलचे असू शकते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळते, सायकल जुळत नाही. विजेच्या सायकलवर चालणारी मोटर असेल तर ३३ च्या जागी २८ फेरेसुद्धा पुरे होणार नाहीत आणि लताबाईंचा आवाज भलताच खाली उतरेल.

आता थरथर. आमचे क्वार्टर लाइनीपासून फार लांब नाही. कोळशाच्या गाड्या रात्रभर चालतात आणि गाडी निघून गेल्यावरही कपाटातली भांडी बोलत असतात. इथे मात्र यंत्राच्या बांधणीचा फरक पडतो. डब्याच्या बोगीत दोन टप्प्यांच्या स्प्रिंगा असतात, तशीच काही टर्नटेबलची थाळी आणि हात स्प्रिंगांवर तरंगते ठेवलेले असतात. पण मी एक साधा उपाय आधी करून पाहिला. जमिनीवरचे टेबल काढले आणि जाड भिंतीत लोखंडी कंस मारून त्यावर फळी ठेवली, स्पिरिट लेव्हलने पाणसळीत आणली. चालताना जी सुई उडायची ती उडेनाशी झाली, गाडीची घरघरही बरीच कमी झाली. खर्च हजार रुपयांच्या आत. भिंत मात्र जाड हवी. पार्टिशनच्या भिंतीवर हा प्रयोग करू नये.

तिसरी गोष्ट हाताची आणि सुईची. हात एका खुंटीभोवती फिरतो, त्यामुळे तो खोबणीला अगदी स्पर्शरेषेत राहतो तो फक्त दोन जागी. बाकी सगळीकडे थोडा तिरपा. कार्ट्रिज बसवताना हा तिरपेपणा कमीत कमी ठेवायचे गणित १९३८ आणि १९४१ मध्येच लोफग्रेन आणि बेअरवाल्ड यांनी मांडून ठेवले आहे. छापील पट्टी आणि थोडा धीर असेल तर ते घरी जमते. दुसरे, तबकडीच्या आतल्या भागात वर्तुळ लहान होते. एलपीच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, शेवटी शेवटी फक्त २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत बसवायचा असतो, म्हणून बाजू संपत आली की "स" आणि "श" फाटतात. याला इलाज सुईच्या टोकाचा. गोल टोकापेक्षा लंबगोल बरे, आणि खोबणीच्या भिंतीला उभ्या रेषेत टेकणारे टोक त्याहून बरे. म्हणजे द्रुत लयीतली शेवटची तान सुईने वाचते, थाळीने नव्हे.

रायपूरच्या माझ्या एका मित्राकडे उच्च श्रेणीचे टर्नटेबल आहे. त्याच्याकडे दोन रविवार जाऊन बसलो. माझ्या दोन-चार तबकड्या नेल्या, माझे टर्नटेबलही गाडीतून नेले. दोन्हींवर सारखीच कार्ट्रिज, आवाज सारखा केलेला. मी पाठ करून बसायचो आणि तो कुठले वाजवतो ते सांगायचे नाही, असे ठरले. जे ऐकले ते प्रामाणिकपणे सांगतो. चांगल्या स्थितीतल्या तबकडीवर, गायक थांबतो आणि मागे नुसता तानपुरा उरतो अशा जागी फरक ओळखू यायचा. महाग यंत्रावर ती शांतता जास्त खोल होती. द्रुत सुरू झाले की माझे अंदाज कधी बरोबर, कधी चूक. आणि झिजलेल्या तबकडीवर दोन्ही सारखीच खरखरली. म्हणजे फरक आहे, कल्पना नव्हे. पण तो शेवटच्या चार आण्यांचा फरक आहे आणि त्यासाठी पहिले बारा आणे आधी जागेवर हवेत.

कानावर किती विसंबावे याचाही विचार करायला हवा. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या कंपनीच्या तबकड्या पूर्णपणे ॲनालॉग समजून लोक चढ्या भावाने घेत होते. त्यांतल्या अनेकांच्या निर्मितीत मधे एक डिजिटल टप्पा आहे, हे २०२२ मध्ये उघड झाले. मोठमोठी यंत्रे बाळगणाऱ्या जाणकारांना वर्षानुवर्षे ते कानाने कळले नव्हते. यात हसण्यासारखे काही नाही. यंत्र महाग झाले म्हणून कान महाग होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडच्या संग्रहात ७८ च्या तबकड्या असतात. अनेक उच्च श्रेणीच्या टर्नटेबलवर ७८ चा वेगच नसतो. शिवाय त्यांची खोबण रुंद, तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एलपीची बारीक सुई तिथे तळाशी लोळते आणि फक्त खरखर ऐकवते. अडीच लाख घालून बालगंधर्व ऐकता येणार नसतील, तर आपल्यासारख्यांनी विचार करायला हवा.

इथपर्यंत सगळा हिशेब यंत्राचा झाला. या विषयात एक मत असे आहे की साखळीत पहिली कडी सर्वांत महत्त्वाची, कारण खोबणीतून जे उचलले गेले नाही ते पुढे कोणीच भरून काढू शकत नाही. मत योग्य आहे. मग मी साखळी शेवटपर्यंत मोजली. तबकडी, सुई, हात, थाळी, ॲम्प्लिफायर, स्पीकर, खोली. त्यापुढेही एक कडी आहे. ती म्हणजे ऐकणाऱ्याचा कान.

आमच्या घरात तबकड्या ऐकणारे मुख्य श्रोते बाबा आहेत. तुमच्यापैकी पुष्कळजण त्यांना ओळखता. आता त्यांचे वय ७९. तबकडी ते स्वतः पुसतात, स्वतः ठेवतात आणि खुर्ची स्पीकरजवळ ओढून बसतात. मागच्या वर्षापासून ती खुर्ची जरा जास्तच जवळ येऊ लागली. एकदा म्हणाले, "रेकॉर्ड झिजल्यात रे. सारंगी येतच नाही." मी ऐकली. सारंगी होती.

कानाची तपासणी झाली. वयोमानाने वरच्या सुरांचे ऐकणे बरेच गेले आहे, हे आलेखावर स्वच्छ दिसले. दोन्ही कानांच्या चांगल्या यंत्रांची किंमत ऐकली आणि मला जरा हसू आले. मी टर्नटेबलसाठी बाजूला काढलेल्या रकमेचा बराचसा भाग तिकडे जाणार होता. निर्णय त्या दिवशी झाला. सौ. म्हणाली, "बघा, तुमच्या बजेटला एकदाचा श्रोता मिळाला."

ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे गाणे ऐकतात त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो. ही यंत्रे मुळात बोलणे ऐकू यावे म्हणून जुळवलेली असतात. शिट्टी वाजू नये म्हणून त्यांत जी सोय असते, ती लांब स्थिर सुरालाच शिट्टी समजते. मग तानपुरा किंवा आलाप थरथरल्यासारखा ऐकू येतो आणि माणूस वैतागून यंत्र काढून ठेवतो. चांगल्या यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळवणी करता येते. तपासणाऱ्या तज्ज्ञाला आधीच सांगा की आमचे आजोबा ख्याल ऐकतात. जाताना एखादे आवडते गाणे मोबाइलवर घेऊन जा आणि तिथेच जुळवून घ्या. आमच्या तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीनंतर बाबांनी घरी एलपी लावली आणि खुर्ची स्वतःच्या हाताने मागे, जुन्या जागेवर नेली. सारंगीविषयी काही बोलले नाहीत. बाजू संपल्यावर उलटी करून दुसरी लावली.

आता आपल्यापुरता क्रम सांगतो. आधी तबकडी स्वच्छ करा. एलपीला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड. ७८ च्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट चुकूनही लावू नका. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे लक्षात ठेवा. मग सुई बदला. हिऱ्याची झाली तरी साधारण ५०० ते १००० तासांत ती झिजते. मग कार्ट्रिज आणि सुईचा भार नीट जुळवा, छोटा वजनकाटा स्वस्तात मिळतो. मग यंत्राखालची जागा पक्की करा. मग स्पीकर आणि खोली. मग कानाची तपासणी. एवढे करूनही पैसे आणि हौस शिल्लक असेल तर जरूर वरचे टर्नटेबल घ्या, आणि आम्हाला ऐकायला बोलवा. चांगल्या यंत्राविषयी माझ्या मनात आदरच आहे. मीही निवृत्तीच्या वेळी एखादे घेईन म्हणतो. मात्र ७८ चा वेग असलेलेच घेईन.

एक गंमत सांगतो. १९७७ साली नासाने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे आणि त्या तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचा आवाज आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेला आहे. परग्रहावरच्या श्रोत्याला ती वाजवता यावी म्हणून सोबत काय पाठवले? एक कार्ट्रिज, एक सुई, आणि वेग किती ठेवायचा याची खूण. टर्नटेबल पाठवलेले नाही. तेवढी सोय त्याने आपल्या घरी करायची आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या या गावात जुन्या मराठी कुटुंबांच्या माळ्यांवर ज्या तबकड्या पडून आहेत, त्यांतल्या काही कदाचित दुसरीकडे कुठेही उरलेल्या नसतील. घर बदलताना, क्वार्टर सोडताना त्या रद्दीत देऊ नका. माझे टर्नटेबल साधेच आहे, पण ७८ ची सुई त्याला आहे. उत्सव झाल्यावर दर रविवारी सकाळी मी घरी असतो. तबकडी घेऊन या. पुसून, एकदाच नीट वाजवून तिची प्रत संगणकावर काढून देईन, म्हणजे मूळ तबकडीची झीज थांबेल. घरातल्या आजी-आजोबांनाही सोबत आणा. खुर्च्या आहेत, आणि चहा सौ. देणार आहे, हे मी तिला विचारूनच सांगतो आहे.



गणपती बाप्पा मोरया!